टोपीकातली मन्रो शाळा

पहिला दिवस, गुरुवार : मेरियम

लेकीकडे ओव्हरलँड पार्कला येऊन महिना झाला होता. नातीच्या, सईच्या, शाळेला दोन दिवसांची सुट्टी लागली, तेव्हा जावयांनी विचारलं, "आई, कुठे जाऊया?" मी लगेच टोपीकाचं नाव घेतलं. सातारा जिल्ह्यात मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळांमध्ये शिकवलं. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा 'ब्राउन विरुद्ध टोपीका शिक्षण मंडळ' हा शाळेच्या प्रवेशावरून अमेरिकेत झालेला सगळ्यात मोठा खटला. तो ज्या शाळेशी जोडलेला आहे, ती इथून तासाभरावर आहे. ती न बघता परत जाणं मला पटत नव्हतं.

पण टोपीकाच्या आधी मेरियम. हे तर लेकीच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर. नीटस घरं, कापलेलं गवत, एक छोटं उद्यान. लेक या रस्त्याने कित्येकदा गेलीय, पण इथे काय घडलं ते तिला ठाऊक नव्हतं.

या भागाला साउथ पार्क म्हणत. इथल्या काळ्या मुलांसाठी वॉकर नावाची शाळा होती. दोन खोल्या, त्यांत आठ इयत्ता, संडास बाहेर. १९४७ मध्ये गोऱ्या मुलांसाठी नवी कोरी शाळा उभी राहिली, खर्च ९०,००० डॉलर. त्या इमारतीसाठी कर काळ्या घरांनीही भरला होता आणि त्यांच्या मुलांना मात्र तिच्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती. शेजारच्या वस्तीत राहणाऱ्या एस्थर ब्राउन या गोऱ्या ज्यू बाईंनी वॉकर शाळेची अवस्था पाहिली आणि त्या शाळा मंडळाकडे गेल्या. मंडळ ढिम्म. मग १९४८ मध्ये पालकांनी खटला भरला आणि मुलं शाळेतून काढून घेतली. वर्ग घराघरांत भरू लागले. वॉकर शाळेच्या शिक्षिका कॉरिंथियन नटर शाळा सोडून या मुलांबरोबर आल्या, खटल्यात त्यांनी साक्षही दिली. त्यांचा पगार देणगीतून गोळा होत होता.

मी तिथल्या एका बाकावर बसून हाच विचार करत होते. दिवाणखान्यात वेगवेगळ्या इयत्तांची मुलं, ना फळा, ना घंटा, पुढच्या महिन्याचा पगार मिळेल की नाही याची खात्री नाही आणि तरी बाई रोज सकाळी वेळेवर हजर. एकशिक्षकी शाळा मी स्वतः चालवली आहे. त्या कामाला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

१९४९ मध्ये कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. पण त्या निकालाला एक मर्यादा होती आणि तिथूनच पुढे टोपीकाची वाट निघते. कॅन्ससचा १८७९ चा कायदा म्हणत होता की १५,००० पेक्षा जास्त लोकवस्तीच्या शहरांनाच प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवता येतील. मेरियम लहान, म्हणून सुटलं. टोपीका मोठं, तिथे वेगळ्या शाळा कायदेशीर.

१८७९ हे साल डोक्यात घोळत राहिलं. दक्षिणेतल्या जाचाला कंटाळून हजारो काळी कुटुंबं याच वर्षी कॅन्ससकडे निघाली होती, कारण कॅन्सस म्हणजे गुलामगिरीविरुद्ध रक्त सांडलेली भूमी. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून जोतीरावांना अमेरिकेचा जो चेहरा आशेचा वाटला, त्याच अमेरिकेत सहा वर्षांनी हा कायदा झाला होता.

दुसरा दिवस, शुक्रवार : टोपीका

सकाळी आठला निघालो. हायवेच्या दोन्ही बाजूंना काढणीला आलेला मका, सोयाबीन आणि मधे मधे बुटकी, तांबड्या कणसांची ज्वारी. इथे तिला मायलो म्हणतात, जनावरांना घालतात. जावयांना गाडी थांबवायला लावली आणि एक कणीस हातात घेऊन बघितलं. दाणा आपल्या शाळूपेक्षा बारीक, रंगाने विटकरी. सईने ते कणीस दिवसभर खिशात ठेवलं.

मन्रो शाळा शहराच्या पूर्व अंगाला, मन्रो रस्त्यावर आहे. समोर आल्यावर मी क्षणभर गोंधळले. मनात पडक्या खोल्यांचं चित्र होतं, कालच वॉकरबद्दल ऐकलेलं. आणि पुढे उभी होती दुमजली, भक्कम, विटांची देखणी इमारत, दगडी नक्षीकाम असलेली, उंच खिडक्यांची. १९२६ मध्ये बांधलेली, वास्तुरचनाकार थॉमस विल्यमसन. शहरातल्या गोऱ्यांच्या शाळाही त्यांनी बांधल्या होत्या. ही शाळा त्यांच्या पंगतीत सहज शोभली असती.

आज ही इमारत राष्ट्रीय स्मारक आहे, प्रवेश फुकट. दारातल्या रेंजर बाईंनी सईच्या हातात लहान मुलांसाठीची एक पुस्तिका ठेवली. ती पूर्ण केली की शपथ आणि बिल्ला मिळतो. सई लगेच कामाला लागली.

इथे टोपीकाचं चित्र नीट सांगायला हवं, नाहीतर खटल्याचं मर्म निसटतं. शहरात गोऱ्या मुलांच्या १८ प्राथमिक शाळा होत्या आणि काळ्या मुलांच्या चार : बुकॅनन, मॅकिन्ली, मन्रो, वॉशिंग्टन. हायस्कूल सगळ्यांचं एकच होतं, पण बास्केटबॉलचे संघ वेगळे. शिक्षक चांगले होते, काही तर फारच चांगले. चार शाळा साऱ्या शहरातल्या काळ्या मुलांसाठी म्हणून त्या लांब पडत, तर मंडळ त्यांना बसही देत होतं. गोऱ्या मुलांना बस नव्हती, कारण त्यांच्या शाळा घराजवळ होत्या.

म्हणजे इथे "आमच्या शाळेचं छत गळतं, आम्हाला पुस्तकं द्या" असं भांडण नव्हतंच. १८९६ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं होतं की वेगळं ठेवा, पण समान द्या. टोपीकाने जवळजवळ समान दिलं होतं. म्हणूनच एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वकिलांना हे शहर हवं होतं. इमारत चांगली, बाई चांगल्या, बस आहे, आणि तरीही मुलाला सांगितलं जातं की त्या दारातून तू यायचं नाहीस. आता बोला, यात इजा आहे की नाही?

हा प्रश्न मी गेली चाळीस वर्षं मनात बाळगून आहे, मला तो अशा शब्दांत विचारता येत नव्हता इतकंच. माझी पहिली नेमणूक झाली त्या गावच्या शाळेत पाण्याचा एक माठ होता. सगळी मुलं स्वतः ओगराळ्याने पाणी घ्यायची. खालच्या वस्तीतला एक मुलगा तेवढा ओंजळ धरून उभा राहायचा आणि दुसरं कोणीतरी वरून पाणी ओतायचं. पाणी तेच, माठ तोच, तहानही भागायची. तो कधी तक्रार करत नसे. मी नवी होते. बघून दोन आठवडे गप्प बसले, मग एका सकाळी ओगराळं त्याच्या हातात दिलं. ते दोन आठवडे मला अजून टोचतात. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतली आपली तहान लिहून ठेवली आहे, वेगळ्या गोणपाटावर बसणंही लिहिलं आहे. ज्या ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते त्या शाळेत दाखल झाले, तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. दर वर्षी मी मुलांसमोर भाषण केलं आहे. मन्रोच्या त्या चकचकीत व्हरांड्यात उभी राहिले तेव्हा मला माठच दिसत होता.

आता खटला. १९५० च्या शरद ऋतूत टोपीकातल्या काही पालकांनी आपापल्या मुलांना घराजवळच्या गोऱ्या शाळेत नेलं आणि नाव घाला म्हणाले. नकार आला. २८ फेब्रुवारी १९५१ रोजी दावा दाखल झाला. १३ पालक, २० मुलं. तेरांपैकी बारा आया होत्या आणि एकच बाप, ऑलिव्हर ब्राउन. सांता फे रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर, रविवारी चर्चमध्ये सहायक पाद्री. साऱ्या जगाने लक्षात ठेवलं ते त्यांचं नाव. आद्याक्षरांप्रमाणे लावलं असतं तर डार्लीन ब्राउन यांचं नाव आधी आलं असतं. त्या बाराजणींची नावं किती जणांना ठाऊक असतील? मी ती भिंतीवरून वहीत उतरवून घेतली.

त्यांच्यातल्या ल्युसिंडा टॉड मला सगळ्यात जवळच्या वाटल्या. त्या शिक्षिका होत्या. लग्न झालं म्हणून नोकरी सोडावी लागली, कारण तेव्हा विवाहित बायकांना शाळेत ठेवत नसत. पुढे एकदा वर्तमानपत्रात बातमी आली की शहरातल्या सगळ्या अठरा शाळांच्या मुलांचा वाद्यवादनाचा कार्यक्रम आहे. टॉडबाईंनी विचारणा केली, शाळा अठरा नाहीत, बावीस आहेत, आमच्या चार कुठे गेल्या? काळ्या शाळांत वाद्यं शिकवलीच जात नव्हती. त्यांनी पिच्छा पुरवला आणि ती शिकवायला लावली. पुढे एनएएसीपीच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस झाल्या, आणि दाव्यासाठी नाव द्यायला सगळ्यांत आधी त्याच पुढे आल्या. शाखेचे अध्यक्ष मॅकिन्ली बर्नेट आणि वकील यांच्या बैठका टॉडबाईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती होत.

वकिलांपैकी चार्ल्स आणि जॉन स्कॉट हे भाऊ टोपीकाचेच. त्यांचे वडील एलायशा स्कॉटही वकील. १८९३ मध्ये एका पाद्र्याने इथल्या टेनेसी टाउन या वस्तीत काळ्या मुलांसाठी बालवाडी काढली होती, त्या बालवाडीत एलायशा शिकले होते. बालवाडीत घातलेलं मूल आणि त्याच्या मुलांनी लढवलेला खटला. बालवाडीला खेळ समजणाऱ्यांना मी हे ऐकवणार आहे.

जून १९५१ मध्ये टोपीकात सुनावणी झाली. मानसशास्त्रज्ञ लुइसा होल्ट यांनी मुलांच्या मनावर वेगळेपणाचा काय परिणाम होतो याची साक्ष दिली. ऑगस्टमध्ये तिघा न्यायाधीशांनी निकाल दिला तो पालकांच्या विरोधात, १८९६ च्या निकालाने त्यांचे हात बांधलेले होते. पण न्यायमूर्ती वॉल्टर हक्समन यांनी निष्कर्षांमध्ये एक गोष्ट लिहून ठेवली : वेगळं ठेवल्याने काळ्या मुलांचं नुकसान होतं, आणि त्याला कायद्याचा शिक्का असला तर जास्तच होतं. दावा हरला, पण हे वाक्य वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नऊ न्यायाधीशांचा एकमुखी निकाल वाचला : वेगळ्या शाळा घटनाबाह्य. त्यात हक्समन यांचं ते म्हणणं उद्धृत केलेलं होतं.

टोपीका एकटं नव्हतं. साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया, डेलावेअरचे खटले याच निकालात होते आणि राजधानी वॉशिंग्टनचा त्याच दिवशी वेगळा निघाला. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सगळी शाळा संपावर नेली होती. तिथल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने निकालानंतर काय केलं? १९५९ ते १९६४, पाच वर्षं सरकारी शाळांना कुलूप घातलं. काळ्या मुलांबरोबर बसायला नको म्हणून शाळाच बंद!

एका अरुंद मार्गिकेत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जुनी चित्रफीत चालते. शाळेत निघालेल्या काळ्या मुलांवर ओरडणारी, थुंकणारी माणसं. मधून चालताना ते ओरडणं आपल्याच अंगावर येतं. लेक सईला घेऊन बाहेरच थांबली. मी मधोमध उभी राहिले आणि ओरडणाऱ्या बायकांचे चेहरे बघितले. नेटक्या कपड्यांतल्या, माझ्या शाळेतल्या पालकसभेला येणाऱ्या आयांच्या वयाच्या.

आणि मग ते पत्र. मार्च १९५३, टोपीकाचे शाळा अधीक्षक वेंडेल गॉडविन यांनी डार्ला बुकॅनन या काळ्या शिक्षिकेला लिहिलेलं. मजकुराचा अर्थ असा : सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तर गोऱ्या मुलांना शिकवायला काळे शिक्षक असावेत असं शहरातल्या बहुतेकांना वाटणार नाही, सबब पुढच्या वर्षी तुमची नेमणूक होणार नाही. भाषा अगदी सभ्य. मी ते तीनदा वाचलं. आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रांचा सूर असाच असतो, "सबब" आणि "कळावे" यांच्यामध्ये माणूस संपतो. निकाल लागायला अजून वर्ष होतं आणि बिल मात्र बाईंच्या नावावर आधीच फाडून ठेवलेलं. पुढे दक्षिणेत शाळा एक झाल्या तेव्हा हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली, त्यांना ओळखणाऱ्या, त्यांच्याकडून पाढे म्हणून घेणाऱ्या बाई मात्र मागे राहिल्या. या विजयाबद्दल मी शाळेत अनेकदा बोलले असेन, ही बाजू मला आजवर माहीत नव्हती आणि याची मला लाज वाटते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा १९१९ मध्येच बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला होता. रात्री हॉटेलात जावयांना हे सांगितलं, त्यांना ठाऊक नव्हतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी एनएएसीपीच्या विल्यम ड्यूबॉइस यांना पत्र पाठवलं आणि त्यांचं उत्तर आलं, तेही सांगितलं. लेक म्हणाली, "आई, झोप आता." झोप लागली नाही.

तिसरा दिवस, शनिवार : सात चौक

ऑलिव्हर ब्राउन यांची लेक लिंडा तेव्हा तिसरीत होती. सईही तिसरीत आहे, म्हणून आज तिच्या पायांनी मोजायचं ठरवलं.

ब्राउन कुटुंब रेल्वेच्या रुळांजवळ राहायचं. तो भाग आता पार बदलला आहे. लिंडा सकाळी ७:४० ला घरातून निघायची, रेल्वे यार्डाच्या कडेने सहा चौक चालत बसथांब्यावर यायची. बस आठची, पुष्कळदा उशिरा. साडेआठला मन्रोला पोचवायची, पण शाळेचं दार उघडायचं नऊला. थंडी, पाऊस, बर्फ, काही असलं तरी अर्धा तास बाहेर. हे ऑलिव्हर ब्राउन यांनी साक्षीत सांगितलं आहे. थंडीने गालांवरचे अश्रू गोठायचे, ही आठवण लिंडानेही मोठेपणी सांगितली.

आणि गोऱ्या मुलांची सम्नर शाळा घरापासून सात चौकांवर.

आम्ही रुळांच्या बाजूने सम्नरकडे चालत निघालो. ऑक्टोबरची सकाळ, वारा बोचरा. सई खिशातलं कणीस कुरवाळत, फुटपाथवरच्या भेगा चुकवत चालली होती. ती एकदाही दमले म्हणाली नाही. गप्पा मारता मारता पोचलोसुद्धा.

सम्नरची इमारत १९३६ ची. शाळा म्हणून ती १९९६ मध्ये बंद झाली. आम्ही बाहेरूनच पाहिली. नाव वाचून मी थबकले. चार्ल्स सम्नर म्हणजे गुलामगिरीविरुद्ध लढलेले सिनेटर. १८४९ मध्ये बॉस्टनमध्ये सारा रॉबर्ट्स या काळ्या मुलीला जवळच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून न्यायालयात उभे राहिलेले वकीलही तेच. शंभर वर्षांनी त्यांच्याच नावाच्या शाळेने लिंडाला दारातून परत पाठवलं. तिला जावं लागलं ते मन्रोला, आणि राष्ट्राध्यक्ष मन्रो स्वतः गुलाम बाळगणारे. शाळांना नावं देणाऱ्या आपल्या गावोगावच्या ठरावांची मला आठवण झाली. नाव फुल्यांचं, आंबेडकरांचं. आत माठ कसा आहे ते बघायला हवं.

लिंडा सम्नरमध्ये कधीच शिकली नाही. निकाल लागला तेव्हा ती पुढच्या शाळेत गेलेली होती, आणि त्या इयत्तांच्या शाळा टोपीकात १९४१ च्या एका खटल्याने आधीच एक झाल्या होत्या. पण १९७९ मध्ये, स्वतः आई झाल्यावर, तिने टोपीकाच्या शाळा अजूनही एक झालेल्या नाहीत म्हणून खटला पुन्हा उघडायला लावला. तो १९९९ मध्ये संपला. ज्या माणसाला आठव्या वर्षी दारातून परत पाठवलं, त्याने पन्नाशी उलटेपर्यंत ते दार सोडलं नाही. २०१८ मध्ये त्या गेल्या.

दुपारी राज्य विधान भवनात गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेल्या जॉन ब्राउनचं प्रचंड भित्तिचित्र पाहिलं, एका हातात बायबल, दुसऱ्या हातात बंदूक. गर्दी होती, लवकर निघालो. जॉन ब्राउन, एस्थर ब्राउन, ऑलिव्हर ब्राउन, डार्लीन ब्राउन. कॅन्ससच्या या कथेत एकमेकांचे कोणीही नसलेले इतके ब्राउन आहेत की सईने घोळ होऊ नये म्हणून वहीत चौकट आखली.

पुस्तिका पूर्ण झाली होती, म्हणून बिल्ल्यासाठी पुन्हा मन्रोला. वाटेत, जवळच, एक चालू शाळा लागते, तिला मेमी विल्यम्स यांचं नाव आहे. टोपीकाच्या काळ्या शाळांमध्ये आयुष्य घालवलेल्या शिक्षिका. गाडी थांबवून मी पाटीला नमस्कार केला.

मन्रोही १९७५ मध्ये बंद पडली होती. मग गोदाम, मग विक्रीला काढलेली इमारत. ऑलिव्हर यांची धाकटी लेक शेरिल ब्राउन हेंडरसन आणि त्यांच्या सोबत्यांनी धडपड करून ती वाचवली. १९९२ मध्ये राष्ट्रीय स्थळाचा दर्जा मिळाला आणि १७ मे २००४ ला, निकालाच्या पन्नाशीला, ती सगळ्यांसाठी उघडली.

सईने उजवा हात वर करून रेंजर बाईंच्या मागोमाग शपथ म्हटली. बाईंनी बिल्ला लावला आणि खिशातून डोकावणारं कणीस बघून विचारलं, "हे काय?" सई म्हणाली, "आजीच्या गावचं धान्य."

दारापाशी अभिप्रायाची वही होती. मी मराठीतच लिहिलं. तारीख, माझं नाव, निवृत्त मुख्याध्यापिका, जिल्हा सातारा. पेन परत ठेवलं, पुन्हा उचललं, आणि खाली त्या मुलाचं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जसं हजेरीपटावर होतं तसं.